सांगलीलाही तुम्हीच होता ना

कंपनीला कळवलं : या आठवड्यात सांगली, कराड, सातारा, पुणे.
हाडांचे डॉक्टर राहिलेत.
खोटं नव्हतं. हाडांचे डॉक्टर
कुठल्याही गावात राहिलेलेच असतात.
फक्त तारखा मी 'तिसरी पाळी'च्या
पोस्टरवरून उतरवल्या होत्या.

चार पोरं, एक पोरगी, इचलकरंजीची.
ड्रमवर पारिस मगदूम, गाणारी नसीम मोमीन.
बाकीच्यांची नावं अजून नीट येत नाहीत,
पण कुणाची कुठली तार कधी उतरते ते येतं.

सांगलीत बावीस माणसं, त्यातली सहा केटररची.
कराडला भिंतीपलीकडे लग्न,
तिथला सनईवाला स्पीकरवर सुटलेला.
नसीम थांबली, हसली
आणि त्याच्याच सुरात शिरली.
साताऱ्यात थंडी, आणि पैसे न देता पळालेला आयोजक.
डिझेलला पाचशे मी दिले.
कुणी नाव विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

'धोटा' म्हणून त्यांचं एक गाणं आहे.
मागासारखं चालतं, खटक खटक खटक,
आणि मध्येच
धागा तुटतो.
चार ठोके काहीच नाही.
मग पारिस गाठ मारतो, पुन्हा खटक खटक.
एवढ्यासाठी सव्वादोनशे किलोमीटर.
ज्याच्या घराला लागून रात्रभर माग चालले
त्यालाच ठाऊक,
शांतता हा नुकसानीचा आवाज असतो.
माझा बाप तिनंच जागा व्हायचा.
खडखडाटानं कधीच नाही.

पुण्यात विद्यापीठ. जुने वड, त्यांना गुंडाळलेले दिवे,
वडांना त्याचं काही वाटत नसावं.
गेटवर पोरानं विचारलं, "आयकार्ड?"
मी कंपनीचं दाखवलं :
उत्तम कोष्टी, वैद्यकीय प्रतिनिधी, फोटोत केस आहेत.
"काका, पालकांची व्यवस्था डावीकडे."

डावीकडे पाच खुर्च्या. एकीवर एक बाई,
मांडीवर कुणाचं तरी हेल्मेट.
"तुमचा कोण?"
मी म्हणालो, "ड्रमवाला."
तिनं स्टेजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"नाक तुमचंच आहे," म्हणाली.

मग 'धोटा'. धागा तुटला
आणि तीन हजार पोरं ओरडली.
हात वर, हातांत मोबाइल,
चारही ठोके काठोकाठ भरून टाकले त्यांनी.
मला राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली.
गाणं काय माझ्या बापाचं होतं?

थोडं होतं.

पण पारिसनं गाठ मारलीच नाही.
काठ्या मांडीवर ठेवून बसून राहिला,
जॉबरची वाट बघत बसतात तसा.
आठ. बारा.
ओरडणं विरत गेलं, कुणी शिट्टी मारली,
तिच्या मागून दुसरी आली नाही.
सतरा. अठरा.
लांब कुणीतरी शिंकलं, ते अख्ख्या मैदानानं ऐकलं.
"लाइट गेली का हो?" बाईनं कुजबुजत विचारलं,
समोर सगळे दिवे चालू असताना.

एकविसाव्याला त्यानं काठी उचलली.

रात्री दीडला शिवाजीनगरला भुर्जीची गाडी.
त्यांची व्हॅन कडेला, दार उघडं,
नसीम सीटवर झोपलेली, पायात एकच चप्पल.
पारिस उजवं मनगट चोळत उभा.
"सांगलीलाही तुम्हीच होता ना?
आणि साताऱ्याला डिझेल?"
मी बॅग उघडली. तीन पट्ट्या, एक मलम.
"जेवण झाल्यावर घे. रिकाम्या पोटी नको."
त्यानं भुर्जीची प्लेट माझ्याकडे अर्धी सरकवली.
"उद्या कुठं?" मी विचारलं.
"उद्या घरी. माझी रात्रपाळी हाय."

लॉजवर येऊन रिपोर्ट लिहायला घेतला.
चार गावं, भेटलेले डॉक्टर शून्य.
बराच वेळ पेन तसंच.
मग लिहिलं : पुणे.
पेशंट एक. उजवं मनगट.
सॅम्पल दिले.